बेदाणा, हळद आणि दाढीचा फेस

फेब्रुवारी लागला की कुंडल, पलूस, तासगाव या पट्ट्यातल्या बेदाणा शेडवर गडबड सुरू होते. वेलीवरून उतरवलेले द्राक्षांचे घड क्रेट भरभरून येतात आणि रॅकवर पसरण्याआधी एका मोठ्या टबात बुडवले जातात. त्या टबातल्या पाण्यात दोन गोष्टी असतात, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल. लिटरभर पाण्याला साधारण २५ ग्रॅम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर तेल. डिपिंग ऑइल म्हणजे मुख्यतः इथाइल ओलिएट, वनस्पती तेलांत भरपूर सापडणाऱ्या ओलिक आम्लापासून केलेला पदार्थ. घड काही मिनिटं त्यात राहतात, निथळतात आणि रॅकवर जातात. न बुडवलेलं द्राक्ष महिनाभर ठेवलं तरी पुरतं वाळत नाही. बुडवलेलं द्राक्ष दोन आठवड्यांच्या आसपास बेदाणा झालेलं असतं.

प्रतिसरकारचं कुंडल, क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड यांचं कुंडल, कुस्ती मैदानाचं कुंडल अशा कितीतरी ओळखी या गावाला आहेत. पण नाजूक त्वचेच्या माणसाने दाढीसाठी कुठलं क्रीम घ्यावं, कुठला साबण घ्यावा, हे सांगायचं तर मला या टबापाशीच उभं राहावंसं वाटतं. कारण टबात द्राक्षाच्या सालीचं जे होतं, त्याच्याशी अगदी मिळतंजुळतं असं काही रोज सकाळी आरशासमोर आपल्या गालाचं होतं.

ताज्या घडावर बोट फिरवलं की पुसला जाणारा एक पांढरट थर दिसतो. ते मेण. त्याच्या अतिसूक्ष्म चकत्या एकमेकींवर रचलेल्या असतात आणि मण्यातलं पाणी त्या बाहेर जाऊ देत नाहीत. टबातलं द्रावण हे मेण खरवडून काढत नाही. ते चकत्यांची रचना विस्कटतं आणि त्यांच्यामधून पाण्याला वाट करून देतं. साल फाटत नाही, मणी फुटत नाही, बघणाऱ्याला काही घडल्यासारखं वाटतही नाही. आणि तरी आतलं पाणी बाहेर पडू लागतं.

आता गाल. त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो. चेहऱ्यावर त्याची जाडी १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे वहीच्या कागदाच्या पाचव्या-दहाव्या हिश्श्याइतकी. चपट्या झालेल्या या पेशींच्या मधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी भरलेल्या असतात. सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मुक्त मेदाम्लं हे ते पदार्थ. तेही थरांवर थर, शिस्तीत रचलेले. मार्च-एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात आपण दिवसभर शिवारात फिरतो आणि तरीही आपला बेदाणा होत नाही, तो या कागदाहून पातळ पडद्यामुळे. मला हे कितीदाही आठवलं तरी नवल वाटतं. साठ-सत्तर किलोचा पाण्याने भरलेला देह आणि त्याला सुकण्यापासून वाचवणारी गोष्ट एवढीशी.

साबण या पडद्याची रचना विस्कटतो. थोडी, थोड्या वेळापुरती, पण विस्कटतो. वर दाढी करताना पातं केसांबरोबर या पेशींचेही काही थर खरवडून नेतं. ज्याचा पडदा मुळात भक्कम आहे, त्याला काही जाणवत नाही. ज्याचा पडदा विरळ आहे, त्याचे गाल दाढीनंतर ओढल्यासारखे होतात, चुरचुरतात, लाल पडतात, संध्याकाळपर्यंत कोंडा सुटल्यासारखी त्वचा निघते. नाजूक त्वचा म्हणतात ती बहुतेक वेळा हीच. काहींच्या बाबतीत तिचं मूळ जनुकांपर्यंत जातं. त्वचेत फिलाग्रिन नावाचं प्रथिन असतं. ते मोडून जे पदार्थ तयार होतात ते त्वचेत पाणी धरून ठेवतात आणि तिला किंचित आम्ल ठेवतात. फिलाग्रिनच्या जनुकात बिघाड असलेल्यांची त्वचा कोरडी राहते आणि त्यांना इसब होण्याची शक्यता वाढते, हे २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी दाखवून दिलं. तेव्हा ज्याला साबण झोंबतो त्याला नाजूकपणाचं सोंग करतो म्हणून हिणवू नये. त्याच्या गालावरचा पडदाच निराळा विणलेला असू शकतो.

किंचित आम्ल ठेवतात, असं वर म्हटलं. त्वचेचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ४.५ ते ५.५ असतो. हाइन्रिश शाड आणि आल्फ्रेड मार्किओनिनी या जर्मन डॉक्टरांनी १९२८ साली त्वचेच्या या आम्ल आवरणाविषयी लिहिलं. पडद्यातले स्निग्ध पदार्थ तयार करणारी विकरं या आम्लतेतच नीट काम करतात आणि पुष्कळ उपद्रवी जिवाणूंना ती मानवत नाही. खऱ्या साबणाचा सामू मात्र ९ ते १०. म्हणजे साबण लावला की त्वचेला काही वेळ आपल्या मानवणीच्या पार उलट्या टोकाला जाऊन यावं लागतं. निरोगी त्वचा तासा-दोन तासांत पूर्वपदावर येते, नाजूक त्वचेला जास्त वेळ लागतो.

ही गोष्ट डोळ्यांनी पाहता येते आणि त्यासाठी लागणारं उपकरण सांगली जिल्ह्यात पोत्यांनी मिळतं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत ही हळद वर्षानुवर्षं साठवली जायची. तिच्यातलं पिवळं द्रव्य म्हणजे कर्क्युमिन. आम्लात ते पिवळं राहतं आणि अल्कात विटकरी लाल होतं. हळदीत चुना पडला की ती लाल होते, भाजीचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावला की डाग लाल होतो, हे घरोघरी ठाऊक आहे. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातही हळद दर्शक म्हणून येते.

तर करून बघा. अर्धा चमचा हळद थोड्या स्पिरिटमध्ये कालवा. पाण्यापेक्षा स्पिरिटमध्ये रंग चांगला उतरतो. टीपकागदावर किंवा जाड पांढऱ्या कागदावर तो फासा आणि वाळू द्या. आता घरात जे काही दाढीसाठी वापरलं जातं, त्याचा थोडा थोडा फेस कागदावर ओळीने ठेवा. अंगाचा साबण ठेवा, ट्यूबमधलं क्रीम ठेवा, बचत गटाच्या स्टॉलवरून आणलेला कडुलिंबाचा साबण ठेवा, शेवटी रिठ्याचं पाणी ठेवा. साबणाखाली कागद लाल होईल. कडुलिंबाच्या साबणाखालीही होईल, आणि हळद-चंदनाच्या साबणाखालीही. रिठ्याच्या पाण्याखाली तो पिवळाच राहील, कारण रिठ्याचं पाणी सौम्य आम्ल असतं. लाल डागावर लिंबाचा थेंब टाकलात की तो परत पिवळा होईल.

लेबलवर कडुलिंब आहे, कोरफड आहे की केशर, हे कागद विचारत नाही. तेल आणि अल्क यांच्या संयोगातून जे जे तयार झालं, ते ते अल्कधर्मीच असणार. मग ते कारखान्यात झालेलं असो वा माजघरात. हळदीच्या साबणाबद्दल तर एक वेगळंच सांगायला हवं. ज्या कर्क्युमिनसाठी आपण हळदीला मान देतो, ते अल्कात टिकत नाही, लवकर मोडतं. साबणातली हळद बहुतांशी रंगापुरती उरते. मला हळद प्रिय आहे आणि म्हणूनच तिचं असं वाया जाणं मला बघवत नाही.

कुंडलच्या कुस्ती मैदानाचा उल्लेख झाला आहे, तर तालमीची माती सोडून पुढे जाववत नाही. आपल्याकडच्या तालमीत लाल मातीत ताक, लिंबू, हळद, तेल, कापूर मिसळतात. पैलवान त्या मातीत रोज तास न् तास अंग घासतात. ताकातलं लॅक्टिक आम्ल आणि लिंबातलं सायट्रिक आम्ल माती आंबट करतात, तेल तिला मऊ ठेवतं. त्वचेला काय सोसवतं याचा अंदाज वस्तादांनी सामूचं नाव न ऐकता बांधलेला होता, असं मला ही यादी वाचताना वाटतं.

एवढं सगळं असेल तर दाढीला साबण हवाच कशाला? हवा, कारण समोर केस आहे.

किर्लोस्करवाडी कुंडलच्या शेजारची. १९१० साली औंध संस्थानातल्या त्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला तेव्हा तिथल्या स्टेशनचं नाव कुंडल रोड होतं. धातूचे नांगर या मातीत घडू लागले ते तेव्हापासून, त्यामुळे कठीण धातूलाही झीज चुकत नाही हे या भागाला नव्याने सांगायला नको. पण ज्या वस्तूमुळे पोलाद झिजतं ती पोलादापेक्षा जवळपास पन्नास पट मऊ असेल तर? ती वस्तू म्हणजे दाढीचा केस. चार-सहा दाढ्यांत पातं बोथट का होतं, हे एमआयटीतल्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात छापलं. पात्याची धार हळूहळू गोल होत जात नाही, तिचे सूक्ष्म कपचे उडतात. पोलादाच्या कडेची रचना सगळीकडे सारखी नसते. केस वाकून तिरका आला आणि नेमक्या कच्च्या जागी भिडला की तिथे ताण एकवटतो आणि कपचा निघतो. अशा कडेने पुन्हा दाढी केली की ती त्वचेवर ओरखडे काढते. चुरचुरीसाठी आपण साबणाला दोष देत बसतो आणि दोषी असतं महिनाभर न बदललेलं पातं, असं खूपदा होतं.

केस सोपा करायचा उपाय पाणी. केसातल्या केराटिनचे धागे हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. पाणी आत शिरलं की हे बंध सुटतात, केस फुगतो, नरम पडतो आणि बऱ्याच कमी जोराने कापला जातो. याला दोन-तीन मिनिटं लागतात, कोमट पाण्याने काम लवकर होतं. बलुतेदारीच्या काळात गावचा नाभिक धोकटीतली वाटी काढायचा, नुसत्या पाण्याने गाल बोटांनी चोळचोळून भिजवायचा आणि मग चामड्यावर वस्तरा फिरवायचा. साबणाशिवाय दाढी होत होती, कारण त्या चोळण्याला वेळ दिला जात होता. आज आपण क्रीम फासून अर्ध्या मिनिटात पातं चालवतो आणि त्वचा लाल झाली की क्रीम बदलतो.

फेसाचं काम हे पाणी केसापाशी धरून ठेवणं, पात्याखाली निसरडा थर देणं आणि केसावरचं तेल सोडवणं, जेणेकरून पाणी आत जाईल. हे सगळे फेस सारखं करत नाहीत. इथे तेलाची निवड महत्त्वाची ठरते.

तेलाला अल्कात शिजवलं की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. हे कसं घडतं ते मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९व्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत उलगडलं. स्टिअरिक, ओलिक ही मेदाम्लं त्यानेच वेगळी करून दाखवली. हा माणूस १७८६ ते १८८९ असा १०२ वर्षं जगला. अल्क सोडियमचं घेतलं तर कडक वडी होते, पोटॅशियमचं घेतलं तर मऊ, पाण्यात लवकर विरघळणारा साबण होतो. म्हणून दाढीचं क्रीम पोटॅशियमचं. बेदाण्याच्या टबातही पोटॅशियमच आहे, हा योगायोग मला फार आवडतो.

मेदाम्लांत लांबीचा फरक असतो. खोबरेल तेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं, १२ कार्बनच्या साखळीचं. त्याचा साबण झटकन भरपूर फेस देतो. पण तो फेस मोठमोठ्या बुडबुड्यांचा, लवकर बसणारा, आणि ही १२ कार्बनची साखळी त्वचेच्या पडद्यात सगळ्यात सहज घुसते. नाजूक त्वचेला नुसत्या खोबरेलाचा साबण कोरडा का वाटतो, त्याचं कारण इथे आहे. स्टिअरिक आम्लाची साखळी १८ कार्बनची. तिचा फेस उशिरा येतो पण सायीसारखा दाट असतो, पाणी धरून ठेवतो आणि त्वचेत कमी घुसतो. दाढीच्या साबणाच्या जुन्या सूत्रात साधारण तीन भाग स्टिअरिक आणि एक भाग खोबरेल असं मिश्रण असतं ते म्हणूनच. आपल्या भागातलं शेंगदाणा तेल यात मागे पडतं. त्यात ओलिक आणि लिनोलिक जास्त, त्याचा साबण मऊ आणि मंद फेसाचा होतो.

पाश्चात्त्य देशांत स्टिअरिकसाठी प्राण्यांची चरबी वापरत आले. आपल्याकडे अनेकांना ती चालत नाही. आर्देशिर गोदरेज यांनी १९१९ च्या सुमारास वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला त्यामागे ही अडचण होती. आज कारखान्यांना लागणारं स्टिअरिक बहुतेक पाम तेलातून येतं. पण सह्याद्री उतरून कोकणात गेलं तर एक झाड असं आहे की त्याच्या बियांच्या तेलात ५० ते ६० टक्के स्टिअरिक असतं, आणि ते झाड म्हणजे कोकम. बिया कुटून, उकळून, वर आलेला स्निग्ध गोळा मुठीत दाबून वळतात ते मुठेल. तेच भिरंडेल. थंडीत टाचांच्या भेगांना ते लावायची जुनी रीत आहे. चरबीने जे काम विलायतेत केलं ते करायला आपल्याकडे हे शाकाहारी, कडक, पांढरं कोकमतेल होतं. हाताने केलेल्या दाढीच्या साबणात कोकमतेल दिसलं तर मी तो साबण आवर्जून हातात घेऊन बघेन.

आता 'नैसर्गिक' या शब्दाकडे यावं लागतं, कारण दुकानात तो प्रत्येक खोक्यावर आहे. स्टिअरिक ॲसिड हे नाव वाचून माणूस दचकतो आणि लिंबाचं तेल वाचून निश्चिंत होतो. नाजूक त्वचेच्या बाबतीत बऱ्याचदा याच्या नेमकं उलट खरं असतं. स्टिअरिक आपल्या स्वयंपाकातल्या तुपातही आहे. आणि संत्रं-लिंबाच्या तेलातलं लिमोनिन, लव्हेंडरमधलं लिनालूल ही द्रव्यं हवेत उघडी राहिली की ऑक्सिडीकरण होऊन ॲलर्जी आणणारे पदार्थ तयार होतात. युरोपीय संघाने सुगंधांतले असे २६ घटक लेबलवर नावानिशी छापणं बंधनकारक केलं आणि २०२३ मध्ये ही यादी ८० च्या वर नेली. या यादीतली पुष्कळ द्रव्यं फुलापानांतूनच येतात. दाढीनंतर सामू परत आणायचा म्हणून गालाला थेट लिंबू चोळण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. लिंबाच्या सालीतली फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं उन्हात त्वचेला भाजल्यासारखी इजा करतात, फोड येतात, मागे काळे डाग राहतात.

मेंथॉलचं नवल निराळं. पुदिन्याच्या कुळातून आलेलं हे द्रव्य त्वचा जराही थंड करत नाही. थंडी ओळखणारा टीआरपीएमएट नावाचा एक ग्राहक आपल्या चेतातंतूंवर असतो, मेंथॉल त्यालाच चेतवतं, आणि मेंदूला वाटतं गार वारा आला. हा ग्राहक २००२ मध्ये सापडला. तो शोधणाऱ्यांपैकी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना स्पर्श आणि तापमानाच्या जाणिवेवरील कामासाठी २०२१ चं नोबेल मिळालं. शोध थोर आहे, पण ओरखडे पडलेल्या नाजूक गालावर मेंथॉल जास्त झालं की गारव्याची आग होते. ज्याला चुरचुरतं त्याने 'कूल' लिहिलेली ट्यूब सोडून द्यावी.

मग विकत काय घ्यावं? खोक्याची पुढची बाजू वाचू नका, मागची वाचा. भारतात २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. चांगल्या साध्या क्रीमच्या यादीत पाण्याबरोबर स्टिअरिक ॲसिड अगदी वर असेल, मग मिरिस्टिक किंवा नारळाचं ॲसिड, पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि ग्लिसरीन. पोटॅशियम हायड्रॉक्साइड वाचून घाबरू नका. ते साबण बनताना खर्ची पडतं. ग्लिसरीन जितकं वर, तितकं बरं, कारण ते पाणी धरून ठेवतं. सुगंध नसेल तर उत्तम, असेल तर यादीच्या तळाशी असावा. यादी जितकी लहान तितकं, काही झोंबलंच तर, कारण शोधणं सोपं. अंगाच्या साबणावर टीएफएम लिहिलेलं असतं आणि ७६ टक्के म्हणजे पहिली प्रत, पण ते साबणात मेदाम्लं किती आहेत ते सांगतं, तो त्वचेला किती सौम्य आहे ते नाही. डब्यातून फसफसून येणारा फेस बहुतांशी वायूच असतो. तो प्रवासात न्यायला ठीक, पण पातळ गादी देतो.

हाताने केलेल्या साबणाची बाजू मी घेतो, एका अटीवर. थंड पद्धतीने केलेल्या साबणात ग्लिसरीन आतच राहतं, कारखान्यात ते बरेचदा काढून वेगळं विकलं जातं. शिवाय थोडं तेल मुद्दाम जास्त ठेवलेलं असतं. पण हा साबण चार ते सहा आठवडे मुरायला हवा. बनवणाऱ्या ताईंना कधी बनवला ते विचारा, आणि तेल कुठलं ते विचारा. तयार बेस वितळवून साच्यात ओतलेल्या साबणातही काही वाईट नाही, पण मग बेसची यादी मागा, त्यात फेस आणणारं, नाजूक त्वचेला कोरडं करणारं सल्फेट असू शकतं. ज्यांना इसब आहे किंवा हळदीचा कागद लाल करणारं काहीही सोसत नाही, त्यांनी साबणविरहित, ब्रशशिवाय लावायचं क्रीम घ्यावं. फेस नसला तरी केस भिजतो, निसरडेपणा मिळतो.

नवीन काही आणलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला, दाढीला ठेवतो तेवढाच वेळ फेस ठेवा आणि धुवा. रोज, आठवडाभर. पट्टीखाली बांधून ठेवू नका, तसा साबण कुणालाही भाजेल.

पाण्याचा विचारही करावा लागतो. सांगली-सातारा भाग बेसाल्ट खडकावर वसलेला आहे आणि इथल्या अनेक विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर आहे. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही त्या पाण्यात साबणाचाही फेस होत नाही, पांढरा चोथा होतो. तो साबणाचा कॅल्शियम क्षार. पाण्यात तो विरघळत नाही आणि गालावर बसून राहतो. जड पाण्यात धुतल्यावर त्वचेवर फेनक, म्हणजे फेस आणणारं द्रव्य, जास्त मागे राहतं आणि दाह वाढतो, हे इंग्लंडमधल्या शेफील्डच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं. बोअरचं पाणी असेल तर दाढीपुरतं तांब्याभर पिण्याचं किंवा पावसाचं पाणी वापरून बघा. क्रीम बदलण्याआधी हे करावं, खर्च काहीच नाही.

तुरटी राहिली. ती पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचा दुहेरी सल्फेट क्षार. पुन्हा पोटॅशियमच. ती पाण्यात फिरवून ते पाणी लाल झालेल्या हळदीच्या कागदावर सोडलंत तर कागद पिवळा होतो. म्हणजे दाढीनंतर तुरटी फिरवणारा कारागीर रक्त थांबवता थांबवता साबणाचा अल्कपणाही उतरवत होता. प्रथिनं गोठवून ती लहान जखमांची तोंडं बंद करते. मात्र ती त्वचा आकसते आणि कोरडी करते, म्हणून नाजूक गालावर एकदाच हलकी फिरवून, अर्ध्या मिनिटाने धुऊन, ओलसर त्वचेवर बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा बोटाच्या टोकाएवढं कोकमतेल लावावं. आणि सलूनमध्ये सगळ्यांना फिरणारी तुरटीची वडी कधीच घेऊ नये. हिपॅटायटिस बी आणि सी हे आजार रक्ताच्या अदृश्य थेंबातूनही जातात. स्वतःची वडी, स्वतःचा ब्रश आणि आपल्याला मानवलेल्या क्रीमची ट्यूब एका पिशवीत घालून न्या. खुर्चीत बसल्यावर दादांना नवीन पातं आपल्यासमोर लावायला सांगा, आणि फेस लावल्यावर दोन मिनिटं थांबायला सांगा. केस वळून त्वचेत शिरत असतील, पुळ्या येत असतील, तर उलटी दाढी नको म्हणा आणि काही आठवडे ट्रिमरवर भागवा. इतकं करूनही लाली आठवडाभरात उतरली नाही तर पुढचं क्रीम विकत घेण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि आधीच्या सगळ्या ट्यूबांची खोकी बरोबर न्या, यादीसकट.